वार चुकवायचा कधी?

गेममधल्या बॉसने, म्हणजे सर्वांत तगड्या शत्रूने, हात उचलला की लगेच डॉज मारायचा, असं जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू धरून चालतो. आणि मार खातो. डोळे तेज होते, बोट वेळेवर हललं, बटण बरोबर दाबलं गेलं, गडी बाजूला उडीही मारून गेला. तरी जिवाची हिरवी पट्टी निम्मी झाली. मग दोष फोनचा, नेटचा, नाहीतर गेम बनवणाऱ्याचा. खरं तर गड्याने उशीर केलेलाच नसतो. तो फार लवकर उडालेला असतो.

हिशेब मांडला की हे पटतं. समजा, बॉसने कुऱ्हाड उचलायला सुरुवात केल्यापासून ती खाली येईपर्यंत ८०० मिलिसेकंद जातात, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. पातं खरोखर लागू शकतं ते त्यानंतरचे १५० मिलिसेकंदच. तुमच्या गड्याच्या डॉजमध्ये ३०० मिलिसेकंद असे आहेत की त्या काळात त्याला काहीही लागत नाही. त्याला आपण कवच म्हणू. आता, डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २५० मिलिसेकंद लागतात. बोट काचेला टेकल्यापासून पडद्यावरचा गडी हलेपर्यंत आणखी ८० धरा. कुऱ्हाड उचललेली दिसताक्षणी तुम्ही बटण दाबलंत तर कवच ३३०व्या मिलिसेकंदाला चढतं आणि ६३०व्याला उतरतं. कुऱ्हाड पोचते ८००व्याला. तोवर गडी उडी संपवून, पाय टेकून, सरळ उभा राहिलेला असतो. कुऱ्हाडीला आणखी काय हवं?

मग बरोबर वेळ कोणती? कवच ८००च्या आत चढलं पाहिजे आणि ९५०पर्यंत टिकलं पाहिजे. म्हणजे ते ६५० ते ८०० या दरम्यान केव्हातरी सुरू व्हायला हवं. काचेचे ८० वजा केले तर बोट पडायची वेळ येते ५७० ते ७२०. वार दिसला, मेंदूने ओळखला, बोट सज्ज झालं, आणि त्यानंतरही जवळपास एक तृतीयांश सेकंद नुसतं थांबायचं आहे. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, प्रत्येक बॉसचे वेगळे असतात. पण हिशेबाची जात बहुतेक ठिकाणी हीच. चुकवण्याची फट अरुंद असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती वाटते त्यापेक्षा उशिरा उघडते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

मध्य प्रदेशातल्या सतवासच्या बस स्टँडवर कन्नोदकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलेल्या पोरांच्या घोळक्यात एकदा डोकावून बघा. एकाच्या हातात फोन, बाकी चौघांच्या माना त्यात. खेळणारा घामाघूम, आणि खांद्यावरून वाकलेला एखादा थोरला म्हणत असतो, ‘‘भिया, रुक… रुक… अब!’’ घरी मराठी बोलणारी पोरंही इथे गेममध्ये शिरली की माळव्याच्या हिंदीत शिरतात, त्याला इलाज नाही. पण त्या ‘रुक’मध्ये सगळं शास्त्र आलं. बघणारा नेहमी खेळणाऱ्यापेक्षा चांगला का खेळतो, याचंही उत्तर तिथेच आहे: बघणाऱ्याला मार बसणार नसतो, म्हणून त्याला थांबता येतं.

गेम बनवणारे मिलिसेकंदांत मोजत नाहीत, फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला ६० चित्रं असतील तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. कुठलाही वार त्यांच्या वहीत तीन तुकड्यांत लिहिलेला असतो: तयारी, प्रत्यक्ष वार आणि सावरणं. पहिल्या तुकड्यात बॉस हात मागे नेतो, खांदा वळवतो, श्वास घेतो, गुरगुरतो. हा तुकडा मुद्दाम लांबवलेला असतो, कारण तो नसेल तर खेळच उरत नाही. अ‍ॅनिमेशनवाल्यांना ही गोष्ट गेमच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. डिस्नेचे जुने चित्रकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यात हालचालीआधीची पूर्वखूण हे एक ठळक तत्त्व आहे. उडी मारणारं पात्र आधी खाली वाकतं, ठोसा मारणारा आधी हात मागे ओढतो. सिनेमात ही खूण प्रेक्षकाला गोष्ट कळावी म्हणून असते. गेममध्ये तीच खूण खेळाडूचा जीव वाचवायला दिलेली असते.

या खुणेवर उभा राहिलेला सर्वांत स्वच्छ गेम जुना आहे. निन्टेन्डोचा ‘माइक टायसन्स पंच-आउट’ हा १९८७चा. लिटल मॅक नावाचा बुटका बॉक्सर आणि त्याच्यासमोर एकामागून एक धिप्पाड प्रतिस्पर्धी. डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, खाली वाकायचं, हात आडवे धरायचे, आणि संधी मिळाली की मारायचं. एवढ्यातच सगळा खेळ. प्रत्येक प्रतिस्पर्धी ठोशाआधी काहीतरी खूण देतो, आणि ठोसा हुकला की क्षणभर उघडा पडतो. शेवटी टायसन येतो. पहिल्या दीड मिनिटात त्याचा एक अपरकट बसला की मॅक सरळ आडवा. त्या दीड मिनिटात हल्ल्याचा विचारही न करता नुसतं चुकवत राहणारे टिकतात. आजच्या मोबाइलवरचे चकचकीत बॉस, आग ओकणारे, पंखवाले, तीन तीन रूपं बदलणारे, आतून बहुतेक याच सांगाड्यावर चालतात.

आता ‘उशिरा’ म्हणजे नेमकं कशानंतर, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मला गेममध्ये शोधावं लागलं नाही, कारण आपल्याकडे ते मैदानावर आहे. खो-खोचा नियम आठवा. खो मिळालेला आक्रमक उठतो, ज्या दिशेला खांदा वळवतो त्याच दिशेला त्याला पळावं लागतं. खांब ओलांडल्याशिवाय त्याला उलटं फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडता येत नाही. बचाव करणाऱ्याला यातलं कुठलंच बंधन नाही. तो बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तसा आर-पार जाऊ शकतो. चांगला बचावपटू आक्रमक उठताच पळत नाही. तो त्याला जवळ येऊ देतो, खांद्याची रेषा कुठे वळते ते बघतो, आणि आक्रमकाने दिशा घेऊन टाकल्यावर, परत फिरायची सोय संपल्यावर, पाटीपलीकडे सटकतो. आधी सटकला असता तर आक्रमकाने वेगळी दिशा धरली असती. पोर नवखं असेल तर भीतीने लवकर पळतं आणि सरळ हातात सापडतं.

बॉसचंही तसंच बांधलेलं असतं. तयारीच्या पहिल्या भागात बॉस अजून तुमच्याकडे तोंड वळवत असतो. तुम्ही डावीकडे गेलात तर तोही डावीकडे वळतो, कुऱ्हाड वर धरलेली असतानाच. मग एक क्षण येतो की त्याचं वळणं बंद होतं. त्यानंतर वार जिथे पडायचा तिथेच पडणार, तुम्ही तिथे असा वा नसा. डॉज मारायचा तो या क्षणानंतर. बॉस ‘बांधला’ गेला की. एकदा ही गोष्ट डोळ्यांना दिसायला लागली की मिलिसेकंदांचा हिशेब विसरला तरी चालतो. बघायचं ते शस्त्राच्या टोकाकडे नाही. टोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वेगाने हलतं. खांदा, कंबर आणि पुढचा पाय बघायचा. पुढचा पाय रोवला की बहुतेक बॉस बांधले जातात.

खो-खोतली आणखी एक गोष्ट इथे कामाला येते. आक्रमकाला स्वतःला फिरता येत नसलं तरी तो दुसऱ्याला खो देऊ शकतो, आणि उठणारा नवा गडी पाटीच्या पलीकडच्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. म्हणून मुरलेला बचावपटू पाठलाग करणाऱ्याला चुकवताना पुढचा खो कुणाला मिळेल याचा अंदाज घेत असतो. बॉसचा सलग दोन-तीन वारांचा सपाटा असाच असतो. पहिला वार चुकवला म्हणून हर्षवायू झालेला खेळाडू लगेच मारायला धावतो आणि दुसऱ्या वारात सापडतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी बाजी मारली. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राची. त्या सामन्यांच्या चित्रफिती मंद गतीत बघाव्यात. बॉसशी लढायला शिकवणारे म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यांतल्या निम्म्यांपेक्षा यात जास्त शिकायला मिळतं, असं माझं मत आहे.

माणसाची प्रतिक्रिया किती जलद होऊ शकते याला मर्यादा आहे आणि सरावाने ती फारशी हलत नाही. एकच दिवा, एकच बटण, असा साधा प्रयोग केला तरी तरुण, सावध माणसाला पाव सेकंद, फार तर त्याहून थोडं कमी, लागतोच. पर्याय वाढले की वेळ वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हे मोजून दाखवलं. बॉसकडे सहा प्रकारचे वार असतील आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर असेल, तर नवख्याचा मेंदू त्या सहांमधून निवड करण्यातच वेळ घालवतो. जुना खेळाडू बोटाने चपळ झालेला नसतो. त्याच्या समोरचे पर्याय कमी झालेले असतात. बॉस लांब असेल तर उडी घेणार, जवळ असेल तर आडवा फटका मारणार, मागे गेलं की शेपटी फिरवणार, हे ठाऊक असलं की सहातले चार वार आधीच बाद. क्रिकेटमध्येही हेच सापडलं आहे. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापाशी येतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा दिसलं की फलंदाज चेंडूच्या मागे मागे नजर नेत नाही. चेंडू टप्पा जिथे पडणार त्या जागी नजर आधीच उडी मारून जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची ती उडी लवकर होते. नजर लवकर, अंग उशिरा. डॉजचंही तेच.

गेम बनवणाऱ्यांना खेळाडूची घाई चांगली ठाऊक असते, आणि काही जण तिच्यावरच सापळा लावतात. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा २०२२चा ‘एल्डन रिंग’ मोबाइलवरचा खेळ नव्हे, पण त्यातल्या मार्गिट नावाच्या सुरुवातीच्याच बॉसने जगभरच्या खेळाडूंना जे शिकवलं ते नंतर सगळीकडे झिरपलं. मार्गिट काठी उगारतो. आणि धरून ठेवतो. खेळाडू लोळण घेतो, उठतो, आणि तेव्हा काठी येते. ज्याने वार ‘उगारला’ याला उत्तर दिलं तो गेला. काठी ‘सुटली’ याला उत्तर देणारा वाचला. पुष्कळांनी याला अन्याय म्हटलं. मला तो न्यायच वाटतो, कारण सुटण्याआधी काठीचा वेग आणि खांदा दोन्ही बदलतात. खूण दिलेलीच आहे, फक्त ती जरा पुढे सरकवली आहे.

याच्या उलट काही मोबाइल गेम खूण इतकी मोठी करतात की आंधळ्यालाही दिसावी. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ‘झेनलेस झोन झीरो’मध्ये वाराआधी शत्रूवर चमक उठते: सोनेरी असेल तर वार अडवून उलटवता येतो, लाल असेल तर चुकवण्यावाचून गत्यंतर नाही. ‘होन्काई इम्पॅक्ट थर्ड’मध्ये शेवटच्या क्षणी डॉज मारला तर काळच मंदावतो आणि तुम्हाला मोकळेपणी मारायला मिळतं, म्हणजे उशीर करण्याचं बक्षीसच. नवशिक्याला हे बरं. पण चमकेवर वाढलेला खेळाडू चमक नसलेल्या गेममध्ये गेला की चाचपडतो, कारण त्याने अंग वाचायला शिकलेलंच नसतं. त्या दृष्टीने २०१४मध्ये फोनवर आलेला ‘शॅडो फाइट २’ मला अजूनही शाळा म्हणून उत्तम वाटतो. त्यातली सगळी पात्रं काळ्या सावल्या. चेहरा नाही, चमक नाही. वाचायचं ते फक्त अंगाच्या बाह्यरेषेतून. गुडघा किती वाकला, खांदा किती मागे गेला. पहिला बॉस लिंक्स तर मध्येच अदृश्यही होतो, आणि तेव्हा कळतं की आपण त्याची लय पाठ केली होती की नुसतेच बटण बडवत होतो.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही पुण्यातली छोटी कंपनी. तिचा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याचं नामांकनही झालं, आणि पुढे नेटफ्लिक्समार्फत तो फोनवर पोचला. गोष्ट अशी: राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, महाबलासुराचे राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती निघते. ती योद्धा नाही, कसरतपटू आहे, हे तिच्या लढाईत दिसतं. भिंतीवर धावत जाणं, खांबाला धरून गिरकी घेणं, घोळक्यातून कोलांटी मारून पलीकडे उतरणं. खांबावरची ती गिरकी बघताना मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडा ठरवलं, त्यामुळे इकडच्या वाचकाला तर नक्कीच आठवेल.

राजीकडे बघताना डॉजची दुसरी बाजू लक्षात येते, दिशेची. वेळ बरोबर असूनही मार बसतो तो बहुधा चुकीच्या दिशेमुळे. भीती माणसाला मागे ओढते. पण मागे जाणं म्हणजे शस्त्राच्या टोकाच्या टप्प्यात जाणं, जिथे पातं सर्वांत लांब पोचतं. शिवाय बॉसपासून अंतर पडलं की त्याने केलेल्या चुकीचा फायदा घ्यायला परत धावत यावं लागतं, तोवर तो सावरतो. आडव्या फटक्यात आणखी एक गंमत असते. तलवार उजवीकडून डावीकडे येत असताना तुम्हीही डावीकडे लोळलात तर पातं तुमच्या सोबतच प्रवास करतं; कवच उतरेपर्यंत ते तुमच्या अंगावरच असतं. त्याच्या विरुद्ध, येणाऱ्या पात्याकडे आत शिरलात तर पातं आणि तुम्ही क्षणात एकमेकांना ओलांडून जाता. म्हणून जुने खेळाडू वाराच्या ‘आत’ जातात, बॉसच्या काखेखालून निघून पाठीशी उभे राहतात. जवळ राहणं धोक्याचं वाटतं, पण मोठ्या बॉसच्या पायाशी त्याचे निम्मे वार पोचतच नाहीत.

सगळेच वार मात्र चुकवायचे नसतात. आगीचा फवारा, जमिनीवर पसरणारं विष, गोल फिरणारी वीज, यांत मारक काळ दीडशे मिलिसेकंद नसतो, दोन-तीन सेकंद असतो. तीनशे मिलिसेकंदांचं कवच घेऊन त्यात शिरणं म्हणजे मरणं. तिथे डॉज नको, पळा. उलट, लाल वर्तुळ जमिनीवर उमटल्याबरोबर लवकर निघायचं, इथे उशीर करणारा फसतो.

आणि एकाहून अधिक शत्रू असले की सगळंच गणित कोलमडतं. याचं उदाहरण द्यायला सतवासकराला गावाबाहेर जावं लागत नाही. लुटारू पेंढाऱ्यांचा सरदार चितू याचा तळ नर्मदेकाठी, हंडियासमोरच्या नेमावरला असे, आणि शेवटच्या काळात तो बहुतेक तिथे किंवा सतवासला राहत असे. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात सर जॉन माल्कम यांनी हे नोंदवलं आहे. पेंढारी काही कुणी रॉबिनहूड नव्हते; १८१६च्या मद्रास इलाख्यावरील एका धाडीत त्यांनी बारा दिवसांत ३३९ गावं लुटली, आणि लोकांचे केलेले हाल वाचवत नाहीत. पण चुकवण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तंबू नाही, सामान नाही, दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल. ईस्ट इंडिया कंपनीची फौज तोफा, रसद आणि बाजारबुणगे घेऊन एका रस्त्याला लागली की तिला सहज वळता येत नसे, आणि ती अशी बांधली गेली की पेंढारी दुसऱ्या घाटाने निघून जात. समोर एकच फौज असेतो ही युक्ती चालली.

१८१७च्या शेवटी कंपनीचे सेनापती लॉर्ड हेस्टिंग्ज उत्तरेकडून आणि सर थॉमस हिस्लॉप दक्षिणेकडून उतरले. दोन्ही मिळून लाखाहून अधिक फौज, अनेक तुकड्यांत, अनेक घाटांवर एकाच वेळी. आता एका तुकडीला चुकवून जिथे उतरावं तिथे दुसरी तयारीत. एकीचं सावरणं संपायच्या आत दुसरीचा वार. पेंढाऱ्यांचा दुसरा सरदार करीम खान १८१८च्या फेब्रुवारीत माल्कमला शरण गेला. चितू शरण गेला नाही. रानोरान भटकला, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना जाऊन मिळाला, अशीरगडाच्या किल्ल्यात त्याला आसरा मिळाला नाही, आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये अशीरगडच्या जंगलात वाघाने त्याला मारलं. त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिराच्या पिशवीत शिक्क्याच्या अंगठ्या आणि अप्पासाहेबांची पत्रं होती.

गेमच्या भाषेत सांगायचं तर बॉस चिल्लर शत्रूंना बोलावतो तेव्हा चुकवत राहणं हा मार्ग नसतो. प्रत्येकाची लय वेगळी, त्यामुळे सगळ्यांचे वार चुकवणारी एकच फट सापडणं जवळजवळ अशक्य. आधी चिल्लर संपवायची. ते जमत नसेल तर पळत एका बाजूला असं जायचं की सगळे एका रेषेत येतील आणि तुमच्यासमोर पुन्हा एकच शत्रू उरेल. राजीच्या लढाया नेमक्या अशा घोळक्यांनी भरलेल्या आहेत, म्हणून तिला खांब आणि भिंती दिल्या आहेत.

फोनचं वेगळं सांगायला हवं, कारण मोठ्या पडद्यावरचे सल्ले फोनवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहिली अडचण आपल्याच अंगठ्यांची. डावा चालवायला, उजवा मारायला. दोन्ही मिळून पडद्याचे खालचे कोपरे झाकतात आणि बॉसचे पाय, जे बघायचे, तेच कित्येकदा अंगठ्याखाली जातात. बऱ्याच गेममध्ये बटणांची जागा आणि आकार बदलता येतो. डॉजचं बटण अंगठा नैसर्गिकपणे टेकतो तिथे आणि मारण्याच्या बटणापासून जरा दूर ठेवावं, म्हणजे घाईत दोन्ही दाबली जात नाहीत. दुसरी अडचण बॅटरी सेव्हरची. तो चालू असला की पुष्कळ फोन पडद्याचा वेग उतरवतात. सेकंदाला ६० चित्रांऐवजी ३० आली तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची होते, आणि दीडशे मिलिसेकंदांच्या फटीत नऊऐवजी चार-पाच चित्रंच दिसतात. तापलेला फोनही हेच करतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून बॉस हरवायला निघालेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरी गोष्ट कानाची. आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, तीस-चाळीस मिलिसेकंदांनी. बॉसची गुरगुर, शस्त्राचा सूं, पायाचा धप्प, हे सगळं वेळ साधायला फार उपयोगी. पण ब्लूटूथ इअरफोन लावला की आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे तीस कमवायला जाऊन दोनशे गमावले. त्याच्या जोरावर डॉज मारणारा दर वेळी मागे पडतो आणि स्वतःच्या बोटांना दोष देतो. वायरवाला स्वस्तातला इअरफोन किंवा फोनचा उघडा स्पीकर यापेक्षा कितीतरी बरा, शेजारच्यांची तक्रार सोडल्यास.

घाबरून बटण दोनदा दाबण्याची सवय या सगळ्यांहून वाईट. बरेच गेम पहिली हालचाल चालू असताना दाबलेलं बटण लक्षात ठेवतात आणि ती संपताच दुसरी करतात. पहिला डॉज बरोबर पडला, वार चुकला, आणि मोकळा क्षण आला. पण गडी न मागता पुन्हा उडी मारून लांब जाऊन पडतो. ‘गेनशिन इम्पॅक्ट’सारख्या गेममध्ये प्रत्येक डॅशला दम खर्च होतो, एकामागून एक मारत राहिलं की खऱ्या वाराच्या वेळी दमाची पट्टी रिकामी. एक वार, एक डॉज, आणि बोट काचेवरून उचलायचं.

चुकवल्यानंतर किती मारायचं, हा हिशेबही सावरण्याच्या तुकड्यात दडलेला असतो. बॉस सावरायला एक सेकंद घेत असेल आणि तुमचा एक वार चारशे मिलिसेकंदांचा असेल तर दोन वार बसतात. तिसरा बसत नाही. तिसऱ्याचा मोह हेच बहुतेक पराभवांचं कारण असतं, कारण तिसरा वार चालू असताना बांधले गेलेले तुम्ही असता.

नव्या बॉससमोर पहिला जीव सरळ दान करावा. मारण्याचं बटण विसरायचं, नुसतं चुकवत राहायचं, आणि कुठला वार कशाने सुरू होतो, वळणं केव्हा थांबतं, सपाटा दोनाचा की तिनाचा, एवढंच बघायचं. स्वतःची पट्टी अर्धी झाल्यावर बहुतेक बॉस रूप बदलतात: डोळे पेटतात, संगीत चढतं, आणि जुनेच वार नव्या लयीत येतात, एखादा लवकर, एखादा धरून ठेवलेला. पहिल्या भागात हातात बसलेली वेळ तिथे उलट घात करते. म्हणून दुसरं रूप दिसलं की पुन्हा एकदा सपाटे संपेपर्यंत मारणं थांबवायचं, बॉसभोवती अर्धं वर्तुळ मोकळं ठेवून फिरायचं, आणि त्याचा पुढचा पाय आता केव्हा रोवला जातो ते बघायचं.